एक जादा शब्द : आयर्लंडच्या जॉइस नाण्याचं प्रकरण

आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १० एप्रिल २०१३ रोजी डब्लिनमध्ये आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या स्मरणार्थ दहा युरोचं चांदीचं नाणं प्रकाशित केलं. नाण्यावर जॉइसचा चेहरा होता आणि त्याच्या डोक्यातून शब्द वाहत बाहेर पडावेत तशी त्याच्याच 'युलिसिस' कादंबरीतली ओळ कोरली होती. त्या ओळीत एक शब्द जास्तीचा निघाला. इंग्रजीत चार अक्षरांचा, रोजच्या बोलण्यात लक्षातही येणार नाही असा 'दॅट'. काही तासांतच वाचकांनी तो पकडला आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी जगभर गेली.

संग्राहकांसाठी काढलेल्या नाण्यांमधल्या चुका बहुतेक वेळा 'गमतीदार बातमी' म्हणून वाचल्या जातात आणि विसरल्या जातात. हे प्रकरण मात्र नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. यात धातूची चूक नाही, यंत्राची नाही, कारागिराच्या हाताचीही नाही. टांकसाळीतल्या सगळ्या तपासण्यांतून हे नाणं निर्दोष ठरून बाहेर पडलं असतं, कारण त्या तपासण्या नाणं आणि मंजूर आराखडा जुळतात का एवढंच पाहतात. आराखड्यातला मजकूर आणि पुस्तकातला मजकूर जुळतो का, हे पाहण्याची जागा त्यांच्या आधी येते.

नाणं नेमकं काय होतं

दर्शनी मूल्य १० युरो, विक्रीची किंमत ४६ युरो, संख्या १०,०००. धातू ९२५ शुद्धतेची चांदी, वजन २८.२८ ग्रॅम, व्यास ३८.६१ मिलिमीटर, घडण प्रूफ. आयरिश नाण्यांच्या प्रथेप्रमाणे एका बाजूला वीणेसारखं हार्प हे वाद्य आणि 'एरा' हे देशाचं आयरिश नाव, दुसऱ्या बाजूला जॉइस. आयर्लंडमध्ये नाणी अर्थमंत्र्यांच्या वतीने मध्यवर्ती बँक काढते, त्यामुळे अशा नाण्यावर खाजगी कंपनीच्या पदकासारखी सबब चालत नाही. ते देशाचं कायदेशीर चलन असतं.

आकडे थोडे उलगडून पाहू. २८.२८ ग्रॅमच्या ९२.५ टक्के म्हणजे २६.१६ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या आठवड्यात चांदीचा भाव औंसाला २७ डॉलरच्या आसपास होता, म्हणजे एका नाण्यातली चांदी साधारण १८ युरोची. दर्शनी मूल्य १०, धातू १८, किंमत ४६. मधल्या फरकात घडणावळ, डबी, प्रमाणपत्र, कर आणि देशाचं उत्पन्न. सगळी १०,००० नाणी विकली गेली तर ४,६०,००० युरोची विक्री. आयर्लंडसारख्या देशासाठी ही रक्कम किरकोळ आहे. असं नाणं काढण्यामागे पैशापेक्षा मानाचा भाग मोठा असतो, आणि म्हणूनच मजकुराची चूक जास्त बोचते.

मुंबईच्या टांकसाळीचे प्रूफ संच घेणाऱ्यांना 'प्रूफ' हा शब्द ओळखीचा असेल. आरशासारखी चकचकीत पार्श्वभूमी, त्यावर दुधी, बिनचमकेचं उठावचित्र. युरो वापरणाऱ्या देशांमध्ये मात्र आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. दोन युरोचं स्मारक नाणं हे चलनी नाणं असतं, ते सगळ्या युरो देशांत चालतं. संग्राहक नाणं फक्त काढणाऱ्या देशातच कायदेशीर चलन असतं. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे त्याचं दर्शनी मूल्य चलनी नाण्यांपेक्षा वेगळं हवं, आणि रंग, व्यास, वजन या तिन्हींपैकी किमान दोन बाबतींत ते ठळकपणे वेगळं असलं पाहिजे. म्हणून १० युरो. एक किंवा दोन युरोचं संग्राहक नाणं काढताच येत नाही. जॉइसचं हे नाणं पॅरिसच्या दुकानदाराने नाकारलं तर तो नियमाने बरोबर ठरेल, जरी जॉइसने 'युलिसिस' प्रसिद्ध केली ती पॅरिसमध्येच.

ओळ आणि तिच्यातला बिघाड

ही ओळ कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभाची आहे. कादंबरीतलं एक पात्र, स्टीफन डेडलस, डब्लिनजवळच्या सँडीमाउंटच्या किनाऱ्यावर चालतो आहे. समोर दिसणाऱ्या गोष्टींतून जग कसं वाचायचं, याचा विचार त्याच्या मनात सुरू आहे. देवनागरीत लिहायची तर ओळ अशी: 'सिग्नेचर्स ऑफ ऑल थिंग्ज आय ॲम हिअर टू रीड'. पुढे समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं शेवाळ, जवळ येणारी भरती, गंजलेला बूट असं काय काय येतं. नाण्यावर 'थिंग्ज' आणि 'आय' यांच्यामध्ये 'दॅट' घुसलं.

एका शब्दाने काय बिघडलं, हे मराठीतून पाहिलं तर लगेच कळतं. जॉइसची ओळ मराठीत अशी होईल: 'सगळ्या वस्तूंवरच्या खुणा मी इथे वाचायला आलो आहे.' कर्म आधी, कर्ता मागून. मराठीला ही रचना अगदी सवयीची. इंग्रजीत ती अनवट वाटते, पण वाक्य पूर्ण आहे. त्यात 'दॅट' घातलं की होतं: 'मी इथे ज्या वाचायला आलो आहे त्या सगळ्या वस्तूंवरच्या खुणा'. वाक्य संपतच नाही. त्या खुणांचं काय, असा प्रश्न लोंबकळत राहतो. एका पात्राचं ठाम विधान होतं, त्याचं नुसतं लांबलचक नाम झालं. हा शब्द जादा आहे आणि त्याने अर्थही मोडला आहे.

'सिग्नेचर' या शब्दालाही इथे वजन आहे. सतराव्या शतकातला जर्मन गूढवादी याकोब ब्यूमे मानत असे की प्रत्येक वस्तूवर तिच्या अंतरंगाची खूण उमटलेली असते. जॉइस तिकडे बोट दाखवतो. म्हणून 'सही' म्हणण्यापेक्षा 'खूण' हा मराठी शब्द जवळचा. जगावर उमटलेल्या खुणा नीट वाचण्याबद्दलची ही ओळ आहे आणि तिचीच नक्कल करताना वाचण्यात चूक झाली, हे जॉइसवर प्रेम करणाऱ्याला दुखवून जातं.

ही चूक आकाशातून पडलेली नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासात तिची जात चांगली ठाऊक आहे. नक्कल करणाऱ्याला अवघड रचना दिसली की त्याचा हात नकळत ती सोपी करतो. इंग्रजीत 'दॅट' गाळून बोलण्याची पद्धत आहे, त्यामुळे डोळ्याला वाटतं की इथे तो गाळलेला असणार, आणि मन तो भरून टाकतं. दोन पाठांपैकी जो अवघड तो बहुधा मूळचा, हे तत्त्व त्यातूनच आलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा शेकडो पोथ्यांमधून पाठ निवडताना हे तत्त्वही वापरलं. त्यात इथे आणखी एक सापळा होता. पुस्तकात या ओळीच्या आधीच्या वाक्यात 'दॅट' आहे आणि याच वाक्याच्या शेवटी, गंजलेल्या बुटाआधी, पुन्हा 'दॅट' आहे. दोन्हीकडून तोच शब्द कानात घुमत असताना मधे एक जास्तीचा शिरणं सोपं होतं.

आणि पुस्तक कोणतं! 'युलिसिस'ची पहिली आवृत्ती २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसच्या 'शेक्सपिअर अँड कंपनी' या सिल्व्हिया बीच हिच्या दुकानातून निघाली. १,००० प्रती, छपाई दिजाँच्या दारांतिएर छापखान्यात, जुळारी फ्रेंच. जॉइस मुद्रितांवरच पानंच्या पानं वाढवत असे. मुद्रणदोष इतके राहिले की बीचने पुस्तकात वाचकांची क्षमा मागणारी चिठ्ठी छापली. १९८४ मध्ये हान्स वॉल्टर गाब्लर याने हजारो दुरुस्त्यांसह नवी आवृत्ती काढली तेव्हा त्या दुरुस्त्यांवरून विद्वानांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. स्वल्पविरामावरून भांडणारे वाचक या पुस्तकाला आहेत. अशा पुस्तकातली ओळ चांदीवर कोरताना ती आठवणीतून किंवा कुठल्याशा अवतरणसंग्रहातून घेणं म्हणजे चूक ओढवून घेणं. नाण्यावरची ओळ कुठून उतरवली गेली हे काहीही असो, ओळीशेजारी आवृत्तीचं नाव आणि पान क्रमांक लिहिलेला कागद अशा प्रत्येक कामात असायलाच हवा.

यात कायद्याचाही एक दुवा आहे, सहसा कोणी त्याकडे पाहत नाही. जॉइस १३ जानेवारी १९४१ रोजी वारला. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे 'युलिसिस' १ जानेवारी २०१२ पासून मोकळी झाली. त्याआधी अशा नाण्यासाठी वारसांची परवानगी लागली असती. परवानगी मागताना वापरायचा मजकूर लिहून पाठवावा लागतो, आणि तो वाचायला समोर ओळन् ओळ माहीत असलेला माणूस बसलेला असतो. हक्क संपले की ही अडचण संपते, आणि तिच्याबरोबर फुकटात मिळणारी एक तपासणीही संपते. मोकळ्या झालेल्या साहित्यातून ओळी घेणाऱ्या प्रत्येक टांकसाळीने आणि टपाल खात्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी: बाहेरचा वाचक आता आपोआप मिळणार नाही, तो मुद्दाम नेमावा लागेल.

चूक कुठे थांबवता येते आणि कुठे नाही

कलाकाराच्या कागदापासून डबीतल्या नाण्यापर्यंतची वाट साधारण अशी असते. विषय मंजूर होतो, निवडक कलाकारांकडून आराखडे मागवले जातात, समिती एक निवडते. या टप्प्यावर मजकूर म्हणजे कागदावरची किंवा पडद्यावरची रेघ. दुरुस्तीला दहा मिनिटं पुरतात आणि खर्च शून्य.

मग त्रिमित नमुना. पूर्वी हा प्लास्टरचा असे, नाण्याच्या कितीतरी पट मोठा, आणि त्यावरून आकार लहान करणाऱ्या यंत्राने पोलादात प्रतिमा उतरवली जाई. हल्ली बहुतेक काम संगणकावर घडवून थेट यंत्राने कोरतात. इथे शब्द काढायचा म्हणजे नुसता खोडून चालत नाही. चार अक्षरांची जागा रिकामी होते, अक्षरांमधलं अंतर पुन्हा बसवावं लागतं. जॉइसच्या नाण्यासारखा मजकूर चित्रातच मिसळलेला असेल तर चित्रही हलतं. काम काही दिवसांचं.

त्यानंतर पोलादी मूळ ठसा, त्यावरून दाबून काढलेले कामाचे ठसे, त्यांना उष्णतेने कठीण करणं, हिऱ्याच्या पेस्टने पार्श्वभूमी आरशासारखी घासणं, उठावाच्या भागाला वाळूच्या फवाऱ्याने किंवा लेसरने दुधीपणा देणं. कामाच्या ठशावर सगळं उलटं असतं. अक्षरं आरशातली, उंच ते खोल. ठसा पाहून मजकूर तपासणं हे जवळजवळ अशक्य काम आहे आणि ते कारागिरावर टाकूही नये. त्याची नजर ओरखडा, धूळ, घासण्यातली लाट शोधत असते. कठीण केलेल्या ठशातून शब्द काढता येत नाही. तो ठसा भंगारात आणि काम पुन्हा मूळ ठशापासून. आता हिशेब आठवड्यांचा.

दुसरीकडे चांदीच्या कोऱ्या चकत्या तयार होत असतात. पट्टी लाटून चकत्या पाडायच्या, कड वळवायची, भट्टीत मऊ करायच्या, आम्लात धुवायच्या, चकाकी आणायची. प्रूफ नाणं एका ठोक्यात होत नाही. चकती हाताने ठेवून शंभराहून अधिक टनांच्या दाबाचे दोन किंवा अधिक ठोके द्यावे लागतात, मग नाणं हातमोजे घालून उचलायचं, भिंगाखाली पाहायचं आणि कुपीत बंद करायचं. ठसा अधूनमधून पुसून, पुन्हा घासून घ्यावा लागतो. १०,००० नाणी या पद्धतीने पाडणं हे काही दिवसांचं, निगुतीचं काम आहे. या टप्प्यानंतर चूक सापडली तर सगळी नाणी वितळवणं एवढाच मार्ग. चांदी परत मिळते, १०,००० नाण्यांची मिळून जवळजवळ २८३ किलो, त्यात शुद्ध २६१.६ किलो. मजुरी, ठसे, डब्या, छापील पत्रकं परत मिळत नाहीत.

म्हणजे चूक पकडण्याची जागा एकच, आराखड्याच्या मंजुरीची. आणि नेमकी तिथेच दिशाभूल होते. समितीसमोर येतं ते चित्र. समिती विचारते: चेहरा ओळखू येतो का, तोल साधला आहे का, एवढ्या लहान व्यासात बारीक अक्षरं टिकतील का. अक्षरांकडे सगळे बघतात, वाचत कोणी नाही. मजकूर चित्राच्या रूपात आला की माणूस तो पोत म्हणून पाहतो. लग्नपत्रिकेच्या नक्षीत गुंतलेल्या नावाची चूक घरातल्या दहा जणांच्या नजरेतून सुटते, त्याचं कारण हेच.

आयर्लंडला याच बाबतीत एक सुंदर पूर्वपरंपरा आहे. स्वतंत्र देशाची पहिली नाणी १९२८ मध्ये आली. आराखडे निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष कवी विल्यम बटलर येट्स होता, शिल्पकार पर्सी मेटकाफ. नाण्यांवर घोडा, बैल, ससा, कोंबडी असे प्राणी होते आणि अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण. शेतीखात्याच्या तज्ज्ञांनी प्राण्यांची ठेवण तपासली आणि डुकरिणीचा मूळ आराखडा बदलून घेतला. येट्सला कलेच्या दृष्टीने पहिलीच डुकरीण जास्त आवडत होती. पण जनावर जाणणाऱ्या माणसाला चित्र दाखवायचं, ही शिस्त तेव्हा पाळली गेली. जॉइसच्या ओळीला तोच न्याय लागतो: ओळ जाणणाऱ्या माणसाला ती दाखवायची. डब्लिनमध्ये अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

मजकूर तपासण्याची पद्धत छापखान्यांना शंभर वर्षं माहीत आहे, टांकसाळींनी ती तशीच उचलावी. आराखड्यातला मजकूर चित्रावरून पाहून वेगळ्या कागदावर टंकून घ्यायचा. टंकणाऱ्याला मूळ ओळ दाखवायची नाही, नाहीतर तो मूळच टंकेल. मग दोन माणसांनी बसायचं. एकाच्या हातात ठरलेली छापील आवृत्ती, दुसऱ्याच्या हातात टंकलेला कागद. पहिल्याने शब्द, विरामचिन्हं, मोठी-लहान अक्षरं सगळं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रत्येक शब्दावर खूण करायची. त्यानंतर शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायचं, म्हणजे अर्थाची लय तुटते आणि मन रिकाम्या जागा भरत नाही. शेवटी शब्दांची मोजणी. जॉइसच्या या ओळीच्या तुकड्यात नऊ शब्द आहेत, नाण्यावर दहा होते. नुसती मोजणी केली असती तरी चूक उघडी पडली असती. सगळ्याला अर्धा तास पुरे, आणि कागदावर दोन सह्या. नमुना घडल्यावर हेच पुन्हा, कारण आराखडा बरोबर असूनही नमुना करताना चूक शिरू शकते.

चूक उघड झाल्यावर

बँकेपुढे तीन वाटा होत्या. विक्री थांबवून नाणी वितळवायची. किंवा चूक सांगून विक्री चालू ठेवायची. किंवा दुरुस्त नाणं वेगळं काढायचं.

बँकेने दुसरी वाट धरली. चुकीबद्दल खेद व्यक्त केला, ज्यांनी नाणं घेतलं होतं त्यांना पैसे परत घेण्याची मुभा दिली, आणि पुढच्या खरेदीदारांना चुकीची कल्पना देऊन विक्री सुरू ठेवली. त्याचबरोबर खुलासा केला की नाणं हे लेखकाचं आणि मजकुराचं कलात्मक चित्रण आहे, शब्दशः प्रत म्हणून ते अभिप्रेत नव्हतं.

पहिला भाग योग्य होता. परतावा दिला की ग्राहकाची फसवणूक उरत नाही. सूचना देऊन विकलं की पुढचा खरेदीदार डोळे उघडे ठेवून घेतो. खुलाशाचा दुसरा भाग मात्र टाळायला हवा होता. चित्रकार जॉइसचं नाक लांब काढू शकतो, चष्मा वाकडा दाखवू शकतो. अवतरण मात्र अवतरण असतं. ज्या लेखकाने एकेका शब्दाच्या जागेसाठी छापखान्याला हैराण केलं, त्याच्या ओळीत शब्द घालून त्याला कलेचं नाव देणं हे चुकीपेक्षा जास्त खटकणारं आहे. 'आमच्याकडून चूक झाली' एवढ्या वाक्यावर थांबलं असतं तर प्रकरण लवकर मिटलं असतं.

तिसरी वाट वरवर आकर्षक वाटते, पण तिच्यात मोठी अडचण आहे. १०,००० ही संख्या जाहीर झालेली होती आणि मर्यादित संख्या हाच अशा नाण्याचा करार असतो. दुरुस्त नाणी आणखी काढली असती तर तो करार मोडला असता. परत आलेली नाणी वितळवून तेवढीच दुरुस्त काढली असती तर दोन प्रकार झाले असते, प्रत्येकाची संख्या अनिश्चित, आणि सट्टेबाजांना रान मोकळं. इटलीत १९९७ मध्ये असं घडलं आहे. हजार लिरांच्या नव्या चलनी नाण्यावरच्या युरोपच्या नकाशात जर्मनी फाळणी झालेली दाखवली होती, एकीकरणाला सात वर्षं होऊन गेल्यावर. त्याच वर्षी नकाशा दुरुस्त करून पुढची नाणी पाडली, म्हणून १९९७ ची दोन्ही रूपं आजही संग्रहात मिळतात. चलनी नाण्याला ते शोभतं, कारण ते लाखोंनी पाडायचंच असतं आणि जुनं परत बोलावणं शक्य नसतं. ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवरही २०१८ मध्ये बारीक अक्षरांतल्या 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातलं एक अक्षर गळालं होतं. चूक लक्षात आली तेव्हा तशा सुमारे ४ कोटी ६० लाख नोटा चलनात होत्या. त्या चलनात तशाच राहिल्या, दुरुस्ती पुढच्या छपाईत झाली. एकदाच, मोजक्या संख्येत पाडायच्या नाण्याला पुढची छपाई नसते.

घेणाऱ्याने काय पाहावं

इथे एक गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो. विक्रेते या नाण्याला 'चुकीचं दुर्मीळ नाणं' म्हणून चढी किंमत लावतात. नाणकशास्त्रात किंमत वाढवणारी चूक वेगळी. ठसा सरकून पडलेला ठोका, दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर उमटलेलं चित्र, दोन वेगळ्या नाण्यांच्या ठशांची चुकून जमलेली जोडी. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये २० पेन्सची नाणी वर्षाशिवाय निघाली. एका बाजूला जुना ठसा, दुसऱ्या बाजूला नवा, आणि वर्ष दोन्हींवर नाही. बाकीच्या बरोबर नाण्यांमध्ये ती वेगळी पडतात म्हणून त्यांना मागणी. जॉइसच्या नाण्यात असं काही नाही. ठसे आराखड्याबरहुकूम, ठोके बिनचूक, आणि जादा शब्द १०,००० पैकी प्रत्येक नाण्यावर. तो या नाण्याचा ठरलेला तपशील आहे. त्याला गोष्ट आहे, त्यामुळे मागणी राहते. पण 'चूक असलेलं' म्हणून दुप्पट पैसे द्यायचं कारण नाही, कारण चूक नसलेलं काहीच नाही. तुलना करायची तर त्याच वजनाच्या, त्याच सुमाराच्या इतर आयरिश चांदीच्या प्रूफ नाण्यांच्या भावाशी करावी.

घेताना कुपी, डबी आणि प्रमाणपत्र तिन्ही मागावं. कुपीवर उघडल्याच्या खुणा, कडेला ओरखडे किंवा आतल्या बाजूला बोटाचा ठसा दिसला तर किंमत खाली यायला हवी. प्रूफ पार्श्वभूमीवर बोट लागलं की त्वचेतल्या तेलाचा डाग काही महिन्यांत तपकिरी होऊन कायमचा राहतो. पुसू नये, कापसानेही नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक रेघा पडतात आणि त्या तिरक्या प्रकाशात लगेच दिसतात. दुधी ठिपके दिसले तर ते बहुधा चकती धुण्याच्या टप्प्यातून आलेले असतात, घरगुती उपायांनी जात नाहीत. साठवणीला पीव्हीसीची पाकिटं वापरू नयेत, त्यातून सुटणाऱ्या आम्लाने चांदीवर हिरवट चिकट थर येतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्याआधी बदलावी. रबर आणि लोकरीचं कापड जवळ नको, दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

नाणं कुपीबाहेर मिळालं तर वजन २८.२८ ग्रॅम आणि व्यास ३८.६१ मिलिमीटर, दोन्ही मोजावं. दागिन्यांच्या तराजूवर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दिसतं, तेवढं पुरतं. लोहचुंबक जवळ नेलं तर चांदी ओढली जात नाही. ओढली गेली तर पुढे पाहायचंच नाही. मग भिंगाखाली ती ओळ वाचावी, सावकाश, शब्द मोजत. 'दॅट' तिथे असायलाच हवं. हा जादा शब्द नसलेलं, 'दुरुस्त केलेलं' म्हणून कोणी नाणं दाखवलं तर ते घेऊ नये. आयर्लंडने तसं एकही पाडलेलं नाही.